सुट्टी द्या, सक्ती नको

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कामगार कल्याण अधिकारी म्हणून माझी सव्वीस वर्षं गेली. आता महाडपासून कुडाळपर्यंतच्या लहानमोठ्या कारखान्यांना आणि हॉटेलांना सल्ला देते. पत्रं येतात त्यात एकच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. आपल्या माणसांनी गावासाठी काही करावं असं मालकांना मनापासून वाटतं, पण ते काम कंपनीचं की कर्मचाऱ्याचं, हेच ठरलेलं नसतं.

प्रश्न : आमचा काजू प्रक्रियेचा कारखाना आहे, चोवीस बायका कामाला आहेत. गावातल्या सेवाकार्यासाठी रजा देणं कायद्यानं बंधनकारक आहे का? (कारखानदार, कुडाळ)

नाही. पण देणार असाल तर लेखी द्या आणि हक्काच्या रजेतून कापू नका.

प्रश्न : दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही मांडवी किनारा साफ करतो. हजेरी मस्टरवर घेतो, न आलेल्यांना कारण विचारतो. काहीजण कुरकुर करतात. त्यांना स्वयंसेवेचं महत्त्व कसं पटवावं? (मनुष्यबळ अधिकारी, रत्नागिरी)

त्यांना काही पटवायचं नाही. त्यांची कुरकुर रास्त आहे.

मस्टरवर सही घेतली आणि गैरहजेरीचं कारण विचारलं की ती ड्यूटी झाली. साप्ताहिक सुट्टीला बोलावून ड्यूटी करून घेतली तर बदली सुट्टीचा प्रश्न येतो, जादा कामाच्या मोबदल्याचा येतो, आणि खडकावरून कोणी घसरलं तर जबाबदारीचाही येतो. तुमच्या आस्थापनेला नेमकं काय लागू आहे ते कामगार कायद्याच्या सल्लागाराला पुढच्या रविवारच्या आत विचारा.

सफाई चालू ठेवायची असेल तर ती कामाच्या दिवशी घ्या. शेवटचे दोन तास पगारी सोडा. ज्याला यायचं तो येईल, बाकीचे आपापल्या टेबलावर काम करतील, आणि वार्षिक मूल्यमापनात याची कुठेही नोंद नको. रविवारी सहाजणी येत असतील तर कामाच्या दिवशी वीसजणी येतील, कारण रविवार हा त्यांचा घरातलं आठवड्याचं तुंबलेलं काम उपसण्याचा दिवस असतो.

आणखी एक. भरलेली पोती उचलणार कोण, हे नगरपरिषदेशी आधी ठरवा. एका किनाऱ्यावर संध्याकाळी तोंडं बांधून ओळीनं लावलेली पोती मी पाहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर निम्मी भरतीबरोबर गेलेली, आणि उरलेली कुत्र्यांनी फाडलेली.

प्रश्न : कर्मचारी समाजकार्यात देतात त्या तासांचा पगार हिशेबात धरून सीएसआर खर्चात, म्हणजे कंपनीनं समाजकार्यावर करायच्या खर्चात, दाखवता येतो, असं आमचे सल्लागार सांगतात. बरोबर आहे का? (लेखापाल, महाड)

नाही. कंपनी कायदा २०१३ मधलं कलम १३५ ज्या कंपन्यांना लागू आहे, म्हणजे नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नक्त नफा ५ कोटी यापैकी एखादी मर्यादा ज्यांनी गाठली आहे, त्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात. कर्मचाऱ्यांना या कामात जरूर सामील करा, पण त्यांच्या विनामूल्य सेवेचं पैशात मोल काढून ते सीएसआर खर्चात धरता येणार नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०१६ च्या खुलाशातच सांगितलं आहे. इतक्या वर्षांनीही हा सल्ला फी घेऊन विकला जातो, याचा मला संताप येतो. सल्लागारांकडून हे लेखी मागा आणि तो कागद तुमच्या सनदी लेखापालांना दाखवा.

खर्च करताना कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही याच कलमात म्हटलं आहे. तुमच्या कुंपणापलीकडच्या वाडीत काय हवं आहे हे त्या वाडीतून कामाला येणाऱ्या माणसाइतकं कोणालाच माहीत नसतं. त्याचा पगार हिशेबात धरण्यापेक्षा त्याला विचारा.

प्रश्न : पूर आला की आमचे तरुण कामगार मदतीला जायला उत्सुक असतात. आम्ही गाडी, टी-शर्ट आणि जेवण देतो. आणखी काय करावं? (उत्पादन व्यवस्थापक, चिपळूणजवळ)

या प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देणार आहे. कृपया शेवटपर्यंत वाचा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. ते ओसरल्यावर एका कंपनीची गाडी माझ्यासमोर थांबली. चौदा-पंधरा पोरं उतरली. अंगात नवे टी-शर्ट, पायात चपला. एका दुकानातला गाळ घमेल्यांनी उपसताना एकाचा पाय चिखलात दडलेल्या पत्र्यावर पडला आणि टाच चिरली. त्यानं रुमाल बांधला आणि संध्याकाळपर्यंत त्याच गाळात उभा राहिला. नवव्या दिवशी ताप आला. पोटऱ्या ठणकत होत्या, पण घरच्यांना वाटलं श्रमानं आखडल्या असतील. ओळखीच्या कोणीतरी तापाच्या गोळ्या दिल्या, त्यात तीन दिवस गेले. डोळे लाल झाले तेव्हा कुठे रुग्णालयात नेलं. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) निघाला. पोरगा वाचला, पण अकरा दिवस खाटेवर होता. कंपनीकडे चौकशी केली तर त्या दिवशी नक्की कोण कोण गेलं होतं याची यादीच नव्हती. मग बाकीच्यांना सावध करणार कसं?

लेप्टोचे जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून पाण्यात, चिखलात येतात आणि कातडीवरच्या बारीकशा जखमेतूनही शरीरात शिरतात. लक्षणं बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात, कधी महिन्यानंही. म्हणून गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाचं नाव, फोन आणि तारीख वहीत लिहा, आणि पुढचे तीस दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवा. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं की मी पुराच्या गाळात काम केलं आहे. लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात हे आता सगळ्यांना ऐकून माहीत आहे, आणि नेमकी तीच भीती आहे. सुपरवायझरनं औषधाच्या दुकानातून पाकीट आणून खाऊसारखं वाटायचं नाही. कोणाला द्यायचं, किती, गरोदर बाईला काय, हे कारखान्याच्या किंवा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारा.

गमबूट आणि जाड रबरी हातमोजे मिळाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका. पायाला जखम असेल त्यानं यायचं नाही, गाडीत पाण्याच्या बाटल्या भरायला थांबावं. दुकानात शिरण्याआधी मेन स्विचबद्दल सगळेच विचारतात, इन्व्हर्टरबद्दल कोणी विचारत नाही. महावितरणनं लाइन बंद ठेवली तरी इन्व्हर्टरची बॅटरी आतल्या वायरिंगला वीज देतच असते. ती इलेक्ट्रिशियननं सोडवल्यावरच आत पाऊल टाका. वाहून आलेला रसायनाचा ड्रम दिसला तर झाकण उघडायचं नाही, हुंगायचंही नाही. तहसील कार्यालयाला किंवा १०७७ या जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा. कुठे जायचं हेही तिथूनच किंवा नगरपरिषदेकडून ठरवून घ्या, नाहीतर सगळ्या गाड्या मुख्य पेठेत उभ्या राहतात आणि नदीकाठच्या गल्लीत चौथ्या दिवसापर्यंत कोणी फिरकत नाही.

आता विमा. कामाच्या ओघात झालेल्या इजेला भरपाईचं संरक्षण असतं. कंपनीच्या गाडीतून, कंपनीचा टी-शर्ट घालून, पण ‘स्वेच्छेनं’ गेलेल्या माणसाची इजा त्यात बसते का, यावर नंतर वाद होतो, आणि तोवर घरच्यांनी दागिने गहाण ठेवलेले असतात. तुमची समूह अपघात पॉलिसी कपाटातून आज काढा. ती चोवीस तास लागू आहे की फक्त ड्यूटीवर, पूर किंवा बचावकार्य वगळलेलं आहे का, कंत्राटी कामगार त्यात येतात का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या आणि वकिलाला दाखवा. पाणी चढायला लागल्यावर ही चौकशी करून उपयोग नाही. प्रत्यक्ष पाण्यात उतरून माणसं काढणं तर प्रशिक्षण नसलेल्याचं कामच नाही. ज्यांना ते करायचंच आहे त्यांना ‘आपदा मित्र’ प्रशिक्षणाबद्दल जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारायला सांगा, आणि प्रशिक्षणाचे दिवस पगारी धरा. तुमच्याकडून होणारी यापेक्षा मोठी मदत मला तरी माहीत नाही.

शेवटचं, आणि हे मला सगळ्यात जास्त लागतं. ज्यांना तुम्ही मदतीला पाठवता त्यातल्या अनेकांची स्वतःची घरं पाण्यात असतात. आधी त्यांना घरी सोडा. कंपनीचा पंप, हातगाडी आणि चार माणसं त्यांच्या अंगणात पाठवा. त्याचं घर उभं राहिलं की तो शेजाऱ्याकडे आपण होऊन जाईल.

टी-शर्ट नकोत. त्या पैशांत गमबूट येतात.

प्रश्न : एका एजन्सीनं साठजणांसाठी वेळासला ‘कासव संवर्धन स्वयंसेवा आणि टीम बिल्डिंग’ असं दोन दिवसांचं पॅकेज देऊ केलं आहे. प्रमाणपत्रही मिळेल. घ्यावं का? (प्रशासन विभाग, तळोजा)

सहल म्हणून जायचं असेल तर जरूर जा, गावातल्याच घरांत उतरा, तिथली मोदक-आमटी जेवा, पैसे गावात राहतील. पण त्याला स्वयंसेवा म्हणू नका. ऑलिव्ह रिडले हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतलं कासव आहे. घरट्यातली अंडी कुंपणाच्या आत नेणं, त्यांची निगा, पिल्लं सोडणं ही कामं वनविभागाच्या देखरेखीखाली गावातले जाणते लोक करतात. शंभरेक अंड्यांच्या घरट्याला पन्नासेक दिवस राखण लागते. त्यात शनिवारी येऊन रविवारी परतणाऱ्या साठजणांना करण्यासारखं काहीही नाही. दोरीमागे उभं राहायचं, टॉर्च आणि मोबाईलचे दिवे बंद ठेवायचे, पिल्लांना हात लावायचा नाही. उजेडानं ती समुद्राची वाट चुकतात. एजन्सी ‘पिल्लू हातात घेऊन फोटो’ असं सांगत असेल तर तिथेच नाही म्हणा.

खरंच हातभार लावायचा असेल तर मंडणगड-दापोलीकडचे तुमचे कर्मचारी शोधा. दोघातिघांना हंगामात थोडी थोडी पगारी रजा द्या, त्यांच्या गावच्या किनाऱ्यासाठी. आधी वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात विचारून घ्या की माणसं हवीत का आणि कशाला.

प्रश्न : रक्तदान शिबिरात रक्तदात्याला मिक्सर भेट द्यायचा विचार आहे. तिसऱ्या पाळीतल्यांना सकाळी सुटतानाच घेतलं तर चालेल का? (युनियन प्रतिनिधी, रोहा)

दोन्ही नाही. रक्तदान मोबदल्याशिवायच व्हायला हवं, आणि रात्रपाळी करून झोप न झालेल्याचं रक्त घेत नाहीत. रक्तपेढीच्या डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवा.

प्रश्न : आमच्या हॉटेलच्या गावात मे महिन्यात टँकर येतो. यंदा मेमध्ये हंगाम सरला की सगळे कर्मचारी मिळून वनराई बंधारा (मातीच्या पोत्यांचा कच्चा बांध) बांधणार आहोत. मार्गदर्शन करावं. (हॉटेल व्यावसायिक, दापोली तालुका)

मेमध्ये अडवणार काय? पऱ्या, म्हणजे गावचा ओढा, तोवर कोरडा ठणठणीत असतो.

आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्यातून झिरपून, उतारावरून धावून तो समुद्राला मिळतो. वाहतं पाणी हाताशी असतं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. बंधारा तेव्हाच. म्हणजे नेमका तुमचा दिवाळीचा हंगाम, हे मला कळतं. तरी एका आडवारी दहाजणांना सोडा, गावातली पंधरा माणसं जोडीला येतील. सिमेंटची रिकामी पोती आत्तापासून जमवा. ती माती-वाळूनं पाऊणच भरा, तोंड शिवा आणि विटांसारखी सांधे मोडून रचा. गच्च भरलेलं पोतं फुगीर राहतं, फटी बुजत नाहीत. जागा सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) दाखवा, ग्रामपंचायतीला आणि दोन्ही काठांच्या जमीनमालकांना विचारा, खालच्या अंगाला कोणाच्या बागेचं शिपणं त्या पाण्यावर आहे हेही पाहा. पावसाआधी पोती काढून ठेवायची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी टाका, नाहीतर तुम्हीच भरलेलं प्लास्टिक वहाळातून तुमच्याच किनाऱ्यावर येईल.

या वर्षीच्या मेसाठी बंधाऱ्याची वेळ हातातून गेली आहे. टँकरच्या पाण्यासाठी हॉटेलची साठवण टाकी वाडीला वापरू देता येईल का, ते सरपंचांशी बोला.

प्रश्न : कंपनी वर्षाला दोन दिवस सेवारजा देते, पण काम नोंदणीकृत संस्थेमार्फतच हवं आणि फोटो जोडावा लागतो. आमच्या वाडीतली पाखाडी (दगडी पायऱ्यांची पायवाट) ढासळली आहे, शाळेची पोरं तिच्यावरून जातात. मंडळ नोंदणीकृत नाही. शिवाय भाताच्या लावणीला जायलाही ही रजा चालेल का? (कामगार, गुहागर तालुका)

पाखाडीचं काम या रजेत बसायलाच हवं. नोंदणीची अट मुंबईत बसून केलेली दिसते. कोकणात बहुतेक कामं वाडी करते, आणि वाडीचं मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असतंच असं नाही. मनुष्यबळ विभागाला लेखी विनंती करा की ग्रामपंचायतीचं पत्र ग्राह्य धरावं. फोटोची अटही काढायला सांगा. शाळेतल्या मुलांचे चेहरे कंपनीच्या फळ्यावर लावायला पालकांनी संमती दिलेली नाही.

स्वतःच्या शेतातली लावणी ही सेवा नव्हे, त्यासाठी हक्काची रजा घ्या. पण वाडीतल्या एखाद्या एकट्या म्हातारीचं शेत सावडीनं, म्हणजे एकमेकांना हात देऊन, लावायला पाचजण जात असाल तर ते माझ्या मते नक्की बसतं. मात्र मंजुरी आधी घ्या. ‘चालून जाईल’ असं मित्रानं सांगितलं म्हणून गैरहजर राहू नका, बिनपगारी पडेल.

अर्जात ‘सामाजिक उपक्रम’ असं मोघम लिहू नका. ‘शाळेकडे जाणाऱ्या पाखाडीच्या ढासळलेल्या पायऱ्या चिरे लावून नीट करणे, दोन दिवस, अमुक तारखा’ असं लिहा आणि सरपंचांचं पत्र जोडा. पाखाडी म्हणजे काय हे साहेबांना ठाऊक नसेल, तर त्यांना एकदा शाळा सुटायच्या वेळी तिच्यावरून चालवत न्या.