'सँक्शन' : मंजुरी की निर्बंध?

प्रश्न : मुलाच्या गृहकर्जाच्या पत्रावर 'लोन सँक्शन्ड' असे लिहून आले आणि त्याच आठवड्यात एका परदेशी बँकेला 'सँक्शन' केल्याची बातमी वाचली. एकच क्रियापद परवानगीही देते आणि बंदीही घालते, हे कसे? मराठीत लिहिताना कोणता शब्द वापरावा? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही वाक्यांतील वापर बरोबर आहेत आणि दोहोंचे मूळही एकच आहे. लॅटिनमध्ये 'सांकिरे' या क्रियापदाचा अर्थ एखादी गोष्ट पवित्र ठरवून ती मोडता येणार नाही अशी करणे असा होता. इंग्रजीतील 'सेंट' आणि 'सँक्च्युअरी' हे शब्द याच कुळातले आहेत. (आपला 'संत' मात्र संस्कृत 'सत्'वरून आला असून त्याचे 'सेंट'शी दिसणारे साम्य हा योगायोग आहे.) रोमन कायद्यात ज्या कलमात कायदा मोडणाऱ्याची शिक्षा सांगितलेली असे, त्याला 'सांक्टिओ' म्हणत. म्हणजे एखाद्या गोष्टीमागे कायद्याचे बळ उभे करणे ही मूळ कल्पना होती. ते बळ कृतीच्या पाठीशी उभे राहिले की संमती होते आणि कृतीच्या विरोधात उभे राहिले की दंड होतो. मधल्या काळात या शब्दाचा अर्थ नुसता 'राजाज्ञा' असाही होता. मुलीलाही ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याच्या प्रदेशांचा वारसा मिळावा म्हणून सम्राट सहावा चार्ल्स याने 1713 मध्ये काढलेला आदेश इतिहासात 'प्रॅग्मॅटिक सँक्शन' म्हणूनच ओळखला जातो.

राष्ट्राराष्ट्रांमधील निर्बंध हा अर्थ रुळला तो विसाव्या शतकात. इटलीने 1935 मध्ये अबिसीनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर आक्रमण केले, तेव्हा राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स, म्हणजे आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) तिच्यावर आर्थिक निर्बंध लादले आणि हा शब्द जगभरच्या वृत्तपत्रांत पोहोचला. आपल्याकडे पोखरणच्या मे 1998 मधील अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर निर्बंध घातले, तेव्हा तो घरोघरी ऐकू आला. भारतीय प्रशासनाच्या इंग्रजीत मात्र 'मंजुरी' हाच अर्थ खोलवर मुरलेला आहे. लोकसेवकावर लाचखोरीचा खटला चालवण्यापूर्वी घ्यावी लागणारी 'सँक्शन', भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 च्या कलम 19 मधली, ही मंजुरीच आहे.

अर्थ ओळखायला वाक्यरचना बरीच मदत करते. नाम अनेकवचनी असेल आणि त्यापुढे 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' असेल, तर निर्बंध समजावेत. एकवचनी असून पुढे 'ऑफ' किंवा 'फॉर' असेल, तर बहुधा संमती. 'अनसँक्शन्ड' म्हणजे बहुधा विनापरवाना. खरी अडचण क्रियापदाची आहे, कारण तेथे संदर्भावाचून काहीच कळत नाही. समाजशास्त्रात तर या शब्दाच्या पोटात शाबासकी आणि शिक्षा दोन्ही येतात. जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे हेही त्या परिभाषेत 'सँक्शन'च ठरते आणि महाराष्ट्राने 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तेच गुन्हा ठरवले आहे.

म्हणूनच मराठी बातमीत 'बँकेला सँक्शन केले' असे लिहू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. इंग्रजीने एका शब्दात कोंबलेले अर्थ मराठीने वेगवेगळे ठेवले आहेत, तर ही स्पष्टता आपणच का घालवावी? परवानगीसाठी 'मंजुरी' किंवा 'संमती', देशावर किंवा संस्थेवर घातलेल्यासाठी 'निर्बंध', कायद्यातील दंडासाठी 'शास्ती' आणि समाजाच्या पाठिंब्यासाठी 'मान्यता' हे शब्द वापरावेत. यांतला 'मंजूर' तर फार सुंदर आहे. तो अरबीतून फारसीमार्गे आला, 'नजर' याच धातूचा आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'पाहिलेला' असा आहे. वरिष्ठांनी कागद नजरेखालून घातला की तो मंजूर झाला! विजेच्या बिलावरील 'सँक्शन्ड लोड'ला 'मंजूर भार' म्हणतात, तेही अगदी चपखल आहे.

आपल्या मुलाच्या पत्रातील 'सँक्शन्ड'चा अर्थ कर्ज मंजूर झाले इतकाच आहे. रक्कम प्रत्यक्ष हाती येणे याला बँका 'डिस्बर्समेंट', म्हणजे वितरण, म्हणतात आणि ते घराची कागदपत्रे तपासून करारावर सह्या झाल्यानंतरच होते. मंजुरीला मुदत असते, ती पत्रात कोणती दिली आहे ते अवश्य पाहावे.