पाटाच्या पाण्यावरचे कुरण: चारा किती, झुडपे किती?

प्रश्न (ता. शहापूर, जि. ठाणे): भातसा उजव्या कालव्याच्या पाण्यावर 2 एकर पॅरा गवत आहे. पाणी देऊनही चारा अपुरा पडतो. घाणेरी, सुबाभूळ आत सरकली आहे. किती गुरे पोसतील हे कसे काढावे?

उत्तर: पाटाच्या तोंडाशी उभे राहून अंदाज बांधलात तर फसाल, तिथले गवत नेहमीच दांडगे असते. पाणी ज्या वाटेने जाते त्याप्रमाणे कुरणाचे तोंड, मध्य आणि शेपूट असे तीन भाग पाडा. प्रत्येक भागात 20-20 पावलांवर 5 ठिकाणी चौकट ठेवा, आतून 1 मीटर × 1 मीटर. पाय थांबेल तिथेच ठेवायची. चांगला झुपका शोधून ठेवली की हिशोब हमखास फुगतो. दव उतरल्यावर जमिनीपासून 10 सेंमीवर कापा. टाकळ्यासारखे गुरे तोंड न लावणारे तण वेगळे काढून तोला.

हिरव्या वजनावर विसंबू नका. पाणी साचलेल्या जागी पॅरा भरघोस दिसते, पण त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असते. प्रत्येक भागातले 500 ग्रॅम गवत बारीक चिरून, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा. पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नाही. मायक्रोवेव्हमध्ये दोन-दोन मिनिटे फिरवा, सोबत पाण्याचा कप ठेवा, नाहीतर गवत करपते.

समजा, चौरस मीटरला सरासरी 2.5 किलो हिरवे गवत निघाले आणि 500 ग्रॅमचे वाळून 100 ग्रॅम झाले. म्हणजे कोरडे 0.5 किलो, एकरी साधारण 2,000 किलो. तुडवणूक आणि उष्टावळ वजा जाता 1,400 धरा. 400 किलोच्या गाईला रोज सुमारे 10 किलो कोरडा चारा लागतो. 45 दिवसांच्या कापणीअंतराला 450 किलो. एकरी 3 गाई.

शेपटाचे कोरडे वजन तोंडाच्या निम्मे आले, तर आधी पाट साफ करा, खतावर पैसे घालू नका. तिन्ही भाग सारखेच कमी असतील तर माती तपासून घ्या.

झुडपांसाठी 10 × 10 मीटरचे चौरस आखा. हा जवळजवळ एक गुंठाच, म्हणून मोजणीला 40 ने गुणले की एकरी आकडा मिळतो. एका बुंध्यातून फुटलेले सगळे धुमारे एकच झाड. गुडघ्याखालची रोपे वेगळी मोजा, पुढच्या वर्षीचे रान तीच ठरवतात. पाटाचा काठ वेगळा लिहा. पाण्याबरोबर बी तिथेच अडकते. सावली मोजायला कुरणात 30 मीटरची दोरी ताणा: तिच्यावर 6 मीटर फांद्या आल्या तर झाकण 20 टक्के. एकावर एक आलेल्या फांद्या दोनदा धरू नका.

सुबाभळीचा पाला चारा म्हणून धरा, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच; त्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असते. शेंगा वाळण्याआधी छाटा. घाणेरी मात्र चाऱ्यात धरूच नका. तिने गुरांना कावीळ होते, उन्हाने कातडी सोलते. नुसती कोयत्याने कापली तर दुप्पट फुटते. पावसात जमीन मऊ असताना कुदळीने मुळासकट उपटा.