रोजच्या वापरासाठी मजेदार, कामाची आणि कमी पेट्रोल पिणारी ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी कोणती?

पंधरा-वीस लाखांच्या आसपास बघत असाल तर माझं मत मारुतीची ग्रँड विटारा ऑलग्रिप (ऑलग्रिप म्हणजे मारुतीची ऑल-व्हील-ड्राइव्ह), किंवा तिचीच जुळी बहीण टोयोटा हायरायडर. एरवी ताकद पुढच्या चाकांनाच जाते. ती घसरू लागली की मागची चाकं आपोआप कामाला लागतात, म्हणून पेट्रोल फार वाया जात नाही. मॅन्युअल ऑलग्रिपचा कागदावरचा आकडा लिटरला 19.38 किमी आहे. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्थातच तेवढं विसरा!

मजेचं म्हणाल, तर 1.5 लिटर इंजिन साधारण 103 पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्तीच). घाटात ओव्हरटेक करताना गिअर खाली टाकावाच लागतो. म्हणून मला मॅन्युअल आवडते. 2025 पासून नव्या ग्रँड विटारात ऑलग्रिप ऑटोमॅटिकसोबत येते, त्यामुळे मॅन्युअल हवी तर जुन्या बाजारात शोधा. आणि हो, लिटरला 27.97 किमीची जाहिरात बघून भुलू नका, तो स्ट्राँग हायब्रिडचा (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर असलेल्या गाडीचा) आकडा. त्यात फक्त पुढची चाकं ओढतात.

मारुतीचीच जिम्नी? चिखलात राणी. पण चारच सीट, मागची सीट उभी असताना डिकी 208 लिटर, आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून चालवायची नाही. रोजच्यासाठी नको.

बाकी, तुमचा प्रवास घर ते ऑफिस एवढाच असेल तर टू-व्हील-ड्राइव्ह गाडी घेऊन उरलेल्या पैशांत चांगले टायर टाका. ताम्हिणी घाटात पावसात ब्रेक दाबल्यावर गाडी टायरच थांबवतात, ऑल-व्हील तिथे काही करत नाही.