ओठावर पुळी आलीये म्हणून भाचीला जवळच घ्यायचं नाही का?

तुझं पत्र वाचलं गं. ओठावर कोल्ड सोअर आलाय, सोमवारी ३ वर्षांची भाची तुझ्याच ग्लासातलं पाणी प्यायली, वर तुझ्या गालाची पापी घेतली, रात्री तू नेटवर हर्पीस हा शब्द वाचलास आणि तेव्हापासून तिला जवळ फिरकू देत नाहीयेस, ती दाराशी येऊन "आत्या, कट्टी का?" विचारते आणि तू आत रडतेस. घरात १५ दिवसांचं बाळ पण आहे हे तू अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंयस, मी मात्र तिथूनच सुरू करते.

बाळाच्या बाबतीत कडक राहा. पहिल्या महिना-दीड महिन्यात बाळाला कोल्ड सोअरचा हा हर्पीस व्हायरस लागला तर तो मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत जाऊ शकतो, जिवावर बेततं, म्हणून खपली पूर्ण पडून खालची कातडी नीट होईपर्यंत बाळाची पापी नाही, त्याच्या तोंडाजवळ तोंड नाही, शक्यतो उचलायचंच नाही. बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडलं असेल, ताप आला किंवा अंग गार लागलं, अंगावर पाणीदार पुळ्या दिसल्या, तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

भाचीची गोष्ट वेगळी. हा व्हायरस मुख्यतः पुळीला थेट स्पर्श झाला किंवा लाळ लागली की पसरतो, तिने तुझ्या गालाला ओठ लावले, पुळीला नाही, त्यामुळे तिथे धोका कमीच. ग्लासचं म्हणशील तर पुळी ओली असताना उष्टं द्यायला नको होतं हे खरं, पण एका घोटाने लागलंच असेल असं अजिबात नाही. एकाच सोफ्यावर बसणं, तिची वेणी घालणं, खेळणी आवरणं, यातून होत नाही. लागलं तर साधारण २ ते १२ दिवसांत कळतं, म्हणजे ताप, हिरड्या लालभडक सुजलेल्या, तोंडात फोड, सारखी लाळ, आणि पाणीसुद्धा नको म्हणून रडणं. बहुतेक मुलं आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत बरी होतात, सांभाळायचं असतं ते अंगातलं पाणी, शू कमी झाली तर लगेच डॉक्टर. तिला एक्झिमा, म्हणजे इसब, असेल किंवा डोळा लाल होऊन दुखायला लागला तर मात्र थांबायचं नाही.

आणि त्या शब्दाला घाबरू नकोस. जगात ५० वर्षांखालच्या साधारण तीनातल्या दोघांना हा व्हायरस, म्हणजे एचएसव्ही-१, असतो, बऱ्याच जणांना लहानपणीच कोणाच्यातरी मायेच्या पापीतून लागलेला. तू काही घाण केलेलं नाहीस. ही नागीण पण नाही, नागिणीचा व्हायरस वेगळा. एकदा आला की तो नसांमध्ये झोपून राहतो आणि ताप, ऊन, जागरण, ताण असं काही झालं की परत ओठावर येतो. तुला पुढच्या वेळी आधी चुरचुरेल, मुंग्या आल्यासारखं होईल, तेव्हापासूनच पापी बंद, अ‍ॅसायक्लोव्हिर क्रीम डॉक्टरांना विचारून तेव्हाच सुरू केलं तर उपयोग होतो. क्रीम चोळायचं नाही, टेकवायचं, आणि आधी-नंतर हात साबणाने धुवायचे, साबणाने हा व्हायरस मरतो. लिप बाम, टॉवेल, चमचा वेगळा.

वहिनीला आजच सांग. ती बाळंतीण आहे, चिडेल कदाचित, चिडू दे, पण बाळाजवळ कोणी कसं यायचं हे ठरवायला तिला ही माहिती हवीच ना. एवढंच म्हण, "वहिनी, मला कोल्ड सोअर आलाय, बरा होईपर्यंत मी बाळाला घेणार नाही, सोमवारी छोटी माझ्या ग्लासातलं पाणी प्यायली होती, दोन आठवडे तिच्या तोंडाकडे लक्ष ठेवूया."

मग भाचीकडे जा. तिला सांग, "आत्याच्या ओठाला बाऊ झालाय, म्हणून पापी नाही, मांडीवर ये." ती बोट लावायला बघेल, तिचा हात धर आणि गोष्ट सुरू कर.