मुलं आणि वयस्कर आई-वडील सोबत असतील तर कोल्हापूरच्या रंकाळ्यावर संध्याकाळ कशी घालवावी?

दुपारी अंबाबाईचं दर्शन उरकून रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ मोकळा आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग रंकाळ्यालाच जा. देवळापासून रिक्षाने काही मिनिटांचाच रस्ता आहे. उन्हं कलली की निघा, पण सूर्य बुडायच्या आत पोचा. तलाव गावाच्या पश्चिमेला असल्यामुळे शहराकडच्या काठावर बसलात की सूर्य थेट पाण्यापलीकडे मावळताना दिसतो. आई-वडिलांना एवढं पुरेसं आहे. तलावाला अख्खी फेरी मारायचा हट्ट धरू नका, ती चार किलोमीटरच्या घरात जाते. पहाटे फिरायला येणाऱ्या मंडळींचं ते काम.

मुलांना पद्माराजे उद्यानात आधी मनसोक्त पळू द्या, मग चौपाटीवर न्या. क्रम उलटा केलात तर भेळेच्या गाड्यांवरून ती हलणार नाहीत. बोटिंग कधी चालू असतं, कधी बंद. तेव्हा मुलांना आधी कबूल करून बसू नका. भेळ मात्र चुकवू नका. चिरमुरे तेच, पण हात तिखटाचा. 'कमी तिखट' सांगूनही पुण्या-मुंबईच्या मुलांच्या डोळ्यांत पाणी येतंच, म्हणून त्यांच्यासाठी भाजलेलं कणीस बरं.

पोरं कंटाळली तर नंदीची गोष्ट सांगा. काठावरच्या देवळातला नंदी रोज गव्हाएवढा तळ्याकडे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो. ज्या दिवशी तो पाण्याला पोचेल त्या दिवशी प्रलय, असं इथल्या आज्या सांगत आल्या. दोघांतला फरक काढून 'मग अजून किती वर्षं?' हा हिशेब मुलं स्वतःच घालत बसतात. दुसरी गोष्ट तळ्याची. इथे पूर्वी दगडाची खाण होती आणि आठव्या-नवव्या शतकात भूकंप होऊन ती पाण्याने भरली, असं सांगतात. शेजारची इराणी खण, म्हणजे अशीच पाण्याने भरलेली जुनी दगडाची खाण, बघितली की ते पटतं. गणपती विसर्जनामुळे ती आता बाहेरगावीही माहीत झालीये. संध्यामठ (तळ्यातली जुनी दगडी वास्तू) पाण्यात किती बुडालाय यावरून तळ्यात पाणी किती आहे ते आम्ही ताडतो. उन्हाळ्यात तो बराच उघडा पडतो.

शालिनी पॅलेस लांबूनच बघा. १९३१ ते १९३४ मध्ये बांधलेला हा राजवाडा मधली काही वर्षं हॉटेल होता. मनोऱ्यासकट फोटो काठावरून छान येतो.

आता खरं तेही सांगतो. नाल्यांचं सांडपाणी तळ्यात येत राहिलंय, त्यामुळे कधी पाण्यावर हिरवा तवंग असतो, कधी जलपर्णी, आणि वारा तुमच्याकडे असेल तर वासही येतो. तसं झालं तर बाकावरून उठून थोडं पुढे सरका. अंधार पडल्यावर डास चावतात. रविवारी गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील, म्हणून स्वतःची गाडी असली तरी रिक्षाच करा.

परतताना गंगावेशीवरून या. तिथे दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून फेसाळ धारोष्ण दूध देतात. वडिलांना नक्की आवडेल. ज्यांना कच्चं दूध सोसत नाही त्यांनी आणि लहान मुलांनी मात्र नुसतं बघावं.