पगारातून कापलेले ते १२४ रुपये

ताई नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचे तिन्ही फोटो, म्हणजे पगाराची स्लिप, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि मालकांनी दिलेला बॉन्ड पेपर, मोठे करून करून बघितले. आधीच सांगतो, त्या बॉन्ड पेपरवर अजून सही केली नसेल तर करू नका, आणि केली असली तरी पुढचं वाचा.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताई बेळगावजवळच्या उचगावकडच्या, मिस्टर ३८ वर्षांचे, बेळगावच्या उद्यमबागेत एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर कामाला, तिथं पंधराएक माणसं आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधल्या आठवड्यात प्रेसमध्ये उजव्या हाताची अंगठ्याशेजारची तीन बोटं मुळापासून गेली. पगार १६,५००. आता मालक म्हणतात की ३ लाख घ्या आणि विषय संपवा, पण दवाखान्याचे त्यांनी भरलेले ६२,००० त्यातून वजा, म्हणजे हातात येणार २,३८,०००. सोसायटीत सोन्यावर ९०,००० चं कर्ज आहे, संघाचा, म्हणजे गटाच्या कर्जाचा, हप्ता आठवड्याला दारात येतो, ते भागवून उरलेल्या पैशात सेकंडहँड छोटा हत्ती टेम्पो घ्यायचा असा विचार. ताईंनी लिहिलंय, "मिस्टर म्हणूलालेत, कोर्ट कचेरी कोण करत बसणार, मिळतंय ते घेऊया." आणि शेवटी सहज म्हणून एक ओळ आहे, "पगारातून दर महिन्याला १२४ रुपये कापतात, ते कशाचे ते आम्हाला माहीत नाही."

ताई, तुमच्या सगळ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली.

१६,५०० चे पाऊण टक्का म्हणजे १२३ रुपये ७५ पैसे, वरचा रुपया धरून १२४. ही ईएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेची, कपात आहे. तेवढ्यावर मालक स्वतःचे सव्वातीन टक्के, म्हणजे ५३७ रुपये भरतात किंवा भरायला पाहिजेत. स्लिपच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दहा आकडी नंबर दिसतोय, तो मिस्टरांचा इन्शुरन्स नंबर. म्हणजे तुम्ही विमा भरलेली माणसं आहात, आणि कामावर जखम झाली तर ईएसआयचा हक्क कामावर लागल्या दिवसापासून असतो, त्याला अमुक महिने भरले पाहिजेत अशी अट नाही. उद्या मालकांनी कापलेले पैसे पुढं भरलेच नाहीत असं निघालं तरी घाबरू नका, सुप्रीम कोर्टाने भारगथ इंजिनिअरिंगच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की मालकाने हप्ता भरला नाही म्हणून कामगार विम्याबाहेर जात नाही.

आता हिशोब. जखम झाल्यापासून कामावर परत जाईपर्यंत किंवा डॉक्टर फिट लिहीपर्यंत ईएसआय रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के देते. ढोबळ मानाने १६,५०० भागिले ३० म्हणजे ५५०, त्याचे ९० टक्के ४९५ रुपये रोज. मिस्टर साधारण १४० दिवस घरी आहेत म्हणजे हेच सत्तर हजाराच्या घरात जातं. पण तुम्ही खाजगी दवाखान्यात दाखवत राहिलात, ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट मध्ये मध्ये घेतलेलं नाही, त्यामुळे सगळे दिवस मंजूर होतीलच असं धरून आजच खर्च ठरवू नका. खाजगी दवाखान्याचे सगळे कागद, ड्रेसिंगच्या चिठ्ठ्यासुद्धा, घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात जा आणि मागचे दिवस धरून घ्या म्हणून लेखी मागा.

आणि खरी रक्कम पुढे आहे. जखम भरल्यावर मेडिकल बोर्ड बसतं आणि कमावण्याची ताकद किती टक्के गेली ते ठरवतं. कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची तीन बोटं गेली तर ३० टक्के असं छापलेलं आहे. मग ४९५ चे ३० टक्के म्हणजे रोज साधारण १४८ रुपये ५० पैसे, महिन्याला ४,४५५ च्या आसपास. हे किती वर्षं? मिस्टर आहेत तोवर, आयुष्यभर. वर महागाईप्रमाणे ईएसआय ती रक्कम अधूनमधून वाढवते. ते दुसरीकडे कामाला लागले, पगार चालू झाला, तरी ही पेन्शन बंद होत नाही, हे लोकांना माहीतच नसतं. फक्त ठरलेल्या वेळी हयातीचा दाखला द्यायचा.

आता शेजारी ठेवून बघा. मालकांचे हातात येणारे २,३८,००० सगळेच्या सगळे बँकेत सात टक्क्याने ठेवले तरी महिन्याला १,४०० सुद्धा येत नाहीत. ईएसआयचे वर्षाला ५३,४६० होतात, म्हणजे साडेचार वर्षांत मालकांची रक्कम वसूल, आणि मिस्टर तेव्हा ४३ चे पण नसतील. साठीपर्यंत धरलं तर पावणेबारा लाख, आणि त्यात वाढ धरलेलीच नाही.

तुमच्या भावाने वकिलाला विचारून सांगितलं की १९२३ चा कामगार भरपाई कायदा आहे, त्यात जास्त मिळेल. तुमच्या अपघाताच्या वेळी तो कायदा होता, बरोबर. त्यात पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, त्याचे ६० टक्के, गुणिले ३८ वर्षांच्या वयाचा आकडा १८९.५६, त्याचे ३० टक्के, म्हणजे ५,११,८१२ होतात. पण ज्याला ईएसआय लागू आहे त्याला तो कायदा वापरता येत नाही, ईएसआय कायद्याच्या कलम ५३ ने ती वाट बंद केली आहे. दोन्हीकडून मिळणार नाही, आणि दोन्हीतलं एक निवडण्याचीही मुभा नाही. हा आकडा एवढ्यासाठीच सांगितला की ईएसआय नसतीच तरी मालकांचे ३ लाख कमीच होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन सामाजिक सुरक्षा कोड लागू झालाय म्हणून कुणी तुम्हाला गोंधळात टाकेल, तर तुमचा अपघात त्याच्या आधीचा आहे आणि ईएसआय नव्या कोडमध्येही चालूच आहे.

मग मालकांचे पैसे घेतले तर ईएसआय कापते का? नाही. मालकाने माणुसकी म्हणून काही दिलं तर त्याने पेन्शन कमी होत नाही. अडचण पैशात नाही, अडचण त्या कागदात आहे. बॉन्ड कन्नडमध्ये आहे, तुम्ही लिहिलंय की तुम्हाला कन्नड बोलायला येतं पण वाचायला जड जातं. मी वाचला. तिसऱ्या ओळीत 'मनेयल्लि' असा शब्द आहे, म्हणजे घरात. बोटं घरात गेली असं लिहिलंय ताई. खाली 'स्वइच्छेयिंद', म्हणजे स्वतःच्या इच्छेने, आणि मग पुढे कसलाही दावा करणार नाही म्हणून. हा शब्द वाचला तेव्हा माझा हात थांबला, कारण एवढ्या एका शब्दाने आयुष्यभराची पेन्शन जाते. ईएसआयचा पहिला प्रश्न हाच असतो की जखम कामावर झाली का, आणि तुमच्याच सहीचा कागद समोर आला की घरात झाली, तर बोर्डापर्यंत प्रकरण पोचणारच नाही. सही झालीच असेल तर लगेच लेखी कळवा की कागद वाचून दाखवला नव्हता आणि अपघात प्रेसवर झाला, आणि दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरची नक्कल काढा. तुमच्या डिस्चार्ज कार्डवर मशीनमध्ये हात सापडल्याचं लिहिलेलं आहे, ते कार्ड लॅमिनेट करू नका, जपून ठेवा, चार झेरॉक्स काढा.

मालकांबद्दल एक बोलतो. ते वाईट आहेत असं मला तुमच्या पत्रातून वाटलं नाही, दवाखान्यात रात्रभर बसले, महिन्याला ५,००० हातात देतात, हे तुम्हीच लिहिलंय. प्रेसला सेफ्टी गार्ड नव्हता आणि इन्स्पेक्टर येईल याची भीती त्यांना असणार. पण अपघात लपवून त्यांचा काय फायदा? ईएसआयची पेन्शन त्यांच्या खिशातून जात नाही. उलट जे कलम ५३ तुम्हाला भरपाई कायद्याकडे जाऊ देत नाही, तेच त्यांना ५ लाखाच्या दाव्यापासून वाचवतं. त्यासाठीच तर त्यांनी वर्षानुवर्षे ५३७ भरले. हे त्यांना शांतपणे, भांडण न करता सांगा, जमलं तर त्यांच्या अकाउंटंटला समोर बसवून सांगा, अकाउंटंटला लगेच कळेल. त्यांनी करायचं एवढंच की अपघाताचा रिपोर्ट, फॉर्म १२, ईएसआयला पाठवायचा. तो खरं तर लगेच जायला पाहिजे होता, उशीर झालाय, पण न जाण्यापेक्षा उशिरा गेलेला बरा. नाहीच म्हणाले तर तुम्ही स्वतः बेळगावच्या ब्रांच ऑफिसात लेखी अर्ज द्या, तारीख, वेळ, कोणती मशीन, शेजारी कोण होतं ते सगळं लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय उठू नका.

ते महिन्याचे ५,००० पगार म्हणून रजिस्टरला दाखवू नका म्हणून सांगा. ज्या दिवसाचा पगार मिळाला त्या दिवसाचे ९० टक्के ईएसआय देत नाही. मदत किंवा उचल म्हणून लिहिलं तर प्रश्न नाही. आणि ईएसआयचे ते ९० टक्के चालू असलेल्या काळात कामावरून काढता येत नाही, हेही मिस्टरांना सांगा, त्यांना तीच धास्ती दिसतेय.

आता राज्य सरकारची अपंग पेन्शन. इथं लोक टक्क्यांचा फार घोळ करतात. बोर्डाचे ३० टक्के म्हणजे कमावण्याची ताकद. यूडीआयडी कार्डवरचे, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्रावरचे, टक्के म्हणजे शरीराचं अपंगत्व, ते जिल्हा रुग्णालयात वेगळ्या मापाने काढतात आणि ४० च्या खाली असले तर बहुतेक सवलती लागतच नाहीत. एकाचं सर्टिफिकेट दुसरीकडे चालत नाही. शेजारची बाई म्हणते तसं एजंटला पैसे देऊन टक्के वाढवून घ्यायच्या नादाला अजिबात लागू नका. राज्याच्या पेन्शनला घरच्या उत्पन्नाची अट आहे आणि ती इतकी खाली आहे की ईएसआयचे वर्षाचे ५३,००० आले की नाडकचेरीत, म्हणजे तहसीलच्या स्थानिक कार्यालयात, तो दाखला मिळणं अवघड. त्या थोड्याशा पैशांसाठी ४,४५५ सोडणं मला कुठल्याच हिशोबात बसत नाही. यूडीआयडी मात्र काढून ठेवा, बाकी ठिकाणी उपयोगी पडतं. आणि तुमचे कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० जात नाहीत. त्याला अट इन्कम टॅक्स किंवा जीएसटी भरण्याची आहे, ईएसआयच्या पैशाची नाही.

कर्जाचं बघू. सोनं लगेच सोडवायची घाई नको, व्याज भरून नूतनीकरण करून घ्या. मालकांकडे जाऊन सांगा की ३ लाख नकोत, दवाखान्याचे ६२,००० तुम्ही भरलेत ते परत मागू नका आणि ईएसआयचे पैसे सुरू होईपर्यंत हे ५,००० चालू ठेवा. माझा अंदाज, ते हो म्हणतील, त्यांनाही स्वस्त पडतं. ईएसआयचे मागचे पैसे आले की आधी संघाचं कर्ज मिटवा, सोन्याचं नंतर, कारण संघाचं व्याज जास्त आहे आणि आठवड्याची टांगती तलवार तीच आहे. छोटा हत्ती या वर्षी नको. हाताला पकड किती येते ते अजून कळलेलं नाही, गाडीचा हप्ता मात्र पहिल्याच महिन्यापासून सुरू.

या पेन्शनमध्ये एक उणीव आहे, तीही सांगतो. ती मिस्टरांच्या हयातीपर्यंतच. उद्या ते दुसऱ्या कारणाने गेले तर तुम्हाला पुढे मिळत नाही. म्हणून बँकेत वर्षाला ४३६ रुपयांची जीवन ज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा, दोन्ही चालू करा, दोन्हीत २ लाखांचं कव्हर आहे. त्यांच्या खात्यावर कदाचित आधीच असेल, पासबुकात बघा.

बोर्डाने ३० पेक्षा कमी टक्के लिहिले तर गप्प बसू नका, निकाल कळल्यापासून तीन महिन्यांत अपील करता येतं. निकालाचा कागद मिळाला त्या दिवशी कोपऱ्यात तारीख टाका.

तुम्ही लिहिलंय की मिस्टर पोराच्या जुन्या वहीत रोज रात्री डाव्या हाताने सही गिरवतात, बॉन्डवर नीट यावी म्हणून. ती वही घेऊन आधी बँकेत जा. खात्यावरची सही उजव्या हाताची आहे, ती बदलून डाव्या हाताची नोंदवून घ्या, नाहीतर ईएसआयचे पैसे खात्यावर येऊनही काढताना सही जुळत नाही म्हणून अडवतील. मग तीच सही फॉर्म १४ वर करा, पेन्शनचा दावा त्याच फॉर्मवर असतो.