वाचकांचे प्रश्न : वेल्डिंगची इजा आणि ‘आजवर काही झाले नाही’

गेटग्रीलची दुकाने, शेडची कामे आणि शेतीची अवजारे दुरुस्त करणारे कारखाने यांतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. चारही पत्रांत ‘आजवर तर काही झाले नाही’ हे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात आले आहे. वेल्डिंगच्या बाबतीत हे वाक्य फसवे ठरते, कारण या कामातील पुष्कळशा इजा काम आटोपून माणूस घरी गेल्यावर, जेवून झोपल्यावर जाणवतात.

प्रश्न : माझ्या यजमानांचे गेटग्रीलचे दुकान आहे. महिन्यातून एकदोनदा मध्यरात्री त्यांच्या डोळ्यांची आग होते, पाणी वाहते आणि दिवा लावलेला सहन होत नाही. सासूबाई डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवतात, कधी डोळ्यांत दूध घालतात, आणि एकदोन दिवसांत बरे वाटते. आमचा आठ वर्षांचा मुलगा शाळेतून आला की दुकानाच्या पायरीवर बसून काम पाहत असतो. यामुळे दृष्टीला धोका आहे का? (एक वाचक भगिनी, कराड)

उत्तर : आपल्या यजमानांना जे होते त्याला कारागीर ‘डोळ्यांना वेल्डिंग लागणे’ म्हणतात. आर्कमधून, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामध्ये पेटणाऱ्या विजेच्या झोतातून, जो उजेड दिसतो त्याच्यासोबत न दिसणारे अतिनील किरणही प्रचंड प्रमाणात बाहेर पडतात आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची वरची पातळ त्वचा त्यांनी भाजते. उन्हाने पाठ भाजली तर ती जशी संध्याकाळी चुरचुरू लागते, तसेच येथेही घडते: किरण लागतात दुपारी, आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना सुरू होते सहा ते बारा तासांनी. ही त्वचा साधारणतः एक ते दोन दिवसांत पुन्हा भरून येते. म्हणजे बटाट्याने बरे वाटले असे जे दिसते, ते खरे पाहता डोळा आपला आपण भरून आल्यामुळे असते. मिटलेल्या पापण्यांवर थंड पाण्याची स्वच्छ घडी ठेवण्यास हरकत नाही. परंतु सोललेल्या बुबुळावर दूध किंवा बटाट्याचा रस घालणे म्हणजे जंतूंना वाट करून देणे होय, तेव्हा ते कृपया थांबवावे. डोळे बधिर करणारे थेंब औषधाच्या दुकानातून आणून घरी वापरणे त्याहून वाईट, कारण वेदना थांबते पण जखम भरण्यास अडथळा येतो आणि बुबुळ कायमचे अधू होऊ शकते. वेदना दोन दिवसांत ओसरली नाही, नजर अंधूक झाली, किंवा एकाच डोळ्यात टोचत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे. एकाच डोळ्याचे दुखणे हे बहुधा ग्राइंडरचा किंवा जोडावरची खपली झाडताना उडालेला लोखंडाचा कण रुतल्याचे लक्षण असते.

महिन्यातून एकदोनदा हे होते याचा अर्थ असा की ढाल (चेहऱ्यासमोर हातात धरायची काळ्या काचेची) दुकानात आहे, पण ती दरवेळी चेहऱ्यावर येत नाही. मी स्वतः प्रशिक्षणार्थी असताना ‘दोनच टाके (तुकडे जागेवर धरून ठेवण्यापुरते छोटे जोड) मारायचे आहेत’ म्हणून ढाल खाली ठेवली होती, आणि ती रात्र वसतिगृहाच्या खोलीत तोंडावर ओला टॉवेल घेऊन काढली होती. नुकसान होते ते या टाक्यांच्या वेळीच, कारण त्या वेळी एक हात जॉब, म्हणजे जोडायचा तुकडा, धरण्यात गुंतलेला असतो. त्यासाठी हातातल्या ढालीऐवजी डोक्यावर बसणारे हेल्मेट घ्यावे आणि शक्य असल्यास आर्क पेटताच आपोआप काळी होणारी काच निवडावी. रॉडने १०० ते १५० अँपिअरवर काम करताना १० किंवा ११ नंबरची काच लागते. उन्हात घालायचा गॉगल या कामाला मुळीच चालत नाही.

मुलाविषयी मात्र मला अधिक काळजी वाटते. लहान मुलाच्या डोळ्यातील भिंग मोठ्यांच्या भिंगापेक्षा जास्त किरण आत जाऊ देते, आणि मूल आर्ककडे मान न वळवता एकटक पाहते. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवरून, स्टेनलेस स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरून परावर्तित होणारे किरणही लागतात, त्यामुळे ‘तो बाजूला बसतो’ एवढे पुरेसे नाही. कामाच्या जागेभोवती माणसाच्या उंचीचा पत्र्याचा आडोसा उभारून त्याला आतून चमक नसलेला गडद रंग द्यावा. त्याने रस्त्यावरून शाळेत जाणाऱ्या इतर मुलांचाही बचाव होईल. मदतनिसालाही डोळ्यांचे संरक्षण द्यावे आणि प्रत्येक टाक्याआधी ‘डोळे!’ अशी हाक देण्याची सवय लावावी.

प्रश्न : आम्ही गोठ्यांच्या शेडसाठी जीआय पाइपचे सांगाडे करतो. नवीन मुलांना पहिल्या दिवशी रात्री हुडहुडी भरून ताप येतो, तोंडाला गोडसर, धातूसारखी चव येते. जुने कारागीर म्हणतात की दूध प्यावे, गूळ खावा, चार दिवसांत अंगवळणी पडते. आणि खरोखर पडतेही. मग काळजीचे कारण आहे का? (एक कारखानदार, इचलकरंजी)

उत्तर : आहे. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. जस्त सुमारे ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, तर पोलाद वितळण्यास सुमारे १५०० अंश लागतात. म्हणजे जोड तयार होण्याच्या आधीच जस्ताची वाफ होऊन ती हवेत पांढऱ्या धुराच्या रूपाने पसरते. हा धूर छातीत गेला की चार ते दहा तासांनी थंडी, ताप, अंगदुखी आणि कोरडा खोकला सुरू होतो. गावात अनेकदा त्याला हिवताप समजून औषधे दिली जातात, म्हणून डॉक्टरांना ‘आज जीआयवर वेल्डिंग केले’ हे आवर्जून सांगावे. ताप बहुधा एकदोन दिवसांत उतरतो. धाप लागली किंवा छाती भरून आली तर मात्र वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

जुन्या कारागिरांचे निरीक्षण खोटे नाही, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. रोज धूर घेणाऱ्याचे शरीर काही दिवस तापाची प्रतिक्रिया देत नाही आणि सुट्टीनंतर कामावर आल्यावर ती पुन्हा उसळते, म्हणूनच या दुखण्याला काही देशांत ‘सोमवारचा ताप’ असे नाव पडले. ताप येईनासा झाला तरी धूर छातीत जातच राहतो. दूध आणि गूळ पोटात जातात, धूर फुप्फुसात जातो. त्यांची वाटच वेगळी आहे. गूळ खाणे वाईट नाही, पण त्याच्या भरवशावर नाकातोंडावरचा मास्क टाळला जातो हे वाईट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर हा माणसात कर्करोग घडवणारा घटक असल्याचे ठरवले, आणि तो निर्णय केवळ जस्ताच्या धुरापुरता नाही. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियमची घातक रूपे असल्यामुळे ते काम करणाऱ्यांनी दुप्पट जपावे.

करायचे ते असे: जोडाच्या दोन्ही बाजूंचा दोनदोन इंच थर आधी ग्राइंडरने काढावा, त्या वेळीही मास्क लावावा, आणि काम झाल्यावर तेथे जस्तयुक्त रंग द्यावा. पाइपच्या आतही थर असतो, तो निघत नाही, म्हणून थोडा धूर होणारच हे गृहीत धरावे. काम उघड्यावर किंवा दोन्ही दारे उघडी ठेवून करावे, पंखा अशा रीतीने लावावा की धूर वेल्डरच्या तोंडावरून न जाता बाजूला जाईल, आणि वेल्डरने डोके धुराच्या लोटातून बाहेर ठेवावे. हे शेवटचे विनाखर्चाचे आहे आणि त्याचाच उपयोग सर्वांत जास्त होतो. धुराचे कण मायक्रॉनहून बारीक असतात, ते रुमालाने अडत नाहीत. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ दर्जाचा मास्क हेल्मेटखाली लावावा.

प्रश्न : पावसाळ्यात होल्डरचा (रॉड धरण्याच्या मुठीचा) झटका बसतो. दुकानात ईएलसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवले आहे आणि मशीनला अर्थही जोडलेला असतो, तरी असे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आपण ज्याला ‘अर्थ’ म्हणता ती जॉबला चिमट्याने जोडलेली केबल विद्युतप्रवाह मशीनकडे परत नेण्यासाठी असते. तिचा जमिनीशी जोडलेल्या अर्थिंगशी संबंध नाही. एकाच शब्दामुळे झालेला हा घोटाळा मी अनेक दुकानांत पाहिला आहे: चिमटा लावला म्हणून मशीनच्या खोक्याची अर्थिंगची तार सोडून दिलेली असते. खोक्यात वीज उतरली तर ती तारच जीव वाचवते. ईएलसीबीदेखील वीजजोडणीपासून मशीनपर्यंतची गळती ओळखते. मशीनमधील ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, होल्डरच्या बाजूला काय चालले आहे ते तिला कळत नाही. आणि काम थांबलेले असताना होल्डरवर साधारण ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या शरीराला ते फारसे जाणवत नाहीत, पण घामाने भिजलेला शर्ट, ओले हातमोजे आणि पाण्यात उभे पाय एकत्र आले की तेवढे व्होल्टही जीव घेऊ शकतात.

म्हणून रॉड बदलताना कोरडे चामडी हातमोजे हवेतच. दोन जोड ठेवून एक वाळत घालावा. पायांखाली कोरडी फळी किंवा रबरी मॅट असावी, पायात स्लीपर नको. फुटलेला होल्डर चिकटपट्टी गुंडाळून चालवू नये. जुन्या एसी ट्रान्सफॉर्मरपेक्षा डीसी इन्व्हर्टर मशीन या बाबतीत कमी धोक्याचे असते. कोणी चिकटले तर त्याला हात न लावता आधी मुख्य स्विच बंद करावा, मग १०८ ला फोन करावा. श्वास थांबला असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीवर दाब देत राहावे.

प्रश्न : थिनरचा रिकामा ड्रम पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, बंबासाठी कापून द्यावा असे गिऱ्हाइकाचे म्हणणे आहे. वास येत नाही. कापावा का? (एक वाचक, निफाड)

उत्तर : कापू नये. भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा ड्रम अधिक घातक, कारण स्फोटाला वाफ आणि हवा यांचे मिश्रण लागते आणि ते रिकाम्या ड्रममध्येच तयार होते. पाण्याने धुतल्यावरही दुमडलेल्या कडांमध्ये अंश राहतो. थंड असताना त्याचा वास येत नाही, गॅस कटिंगच्या टॉर्चची किंवा ग्राइंडरची उष्णता लागताच त्याची वाफ होते. डिझेल, ऑइल आणि डांबर यांच्या ड्रमांनाही हेच लागू आहे, आणि ट्रॅक्टरच्या टाकीलाही. कारखान्यांसाठी हा नियम १९४८ च्या कारखाना अधिनियमात कलम ३७ मध्ये लिहिला गेला: ज्वालाग्राही पदार्थ असलेले भांडे त्या पदार्थापासून आणि त्याच्या वाफेपासून पूर्ण मोकळे केल्याशिवाय त्यावर वेल्डिंग किंवा कटिंग करायचे नाही. ती सफाई वाफेची आणि वायुमापकाची व्यवस्था असलेल्या ठिकाणी होते, दुकानाच्या अंगणात होत नाही. गिऱ्हाइकाला नव्या पत्र्याचा बंब करून द्यावा. किंमत जास्त पडेल, आणि ती का पडते हे त्याला समोर बसवून सांगावे.